शेअर फोल्डर अडकतो, पिंग मात्र नीट येतो. वायरशार्कमध्ये नेमकं काय बघायचं?

स्विच बदलू नका. निदान आज तरी नका.

तुमचा प्रश्न असा आहे: ऑफिसातल्या सर्व्हरवरचा शेअर फोल्डर दिवसातून पाच-सहा वेळा अडकतो, पिंग (सर्व्हर जागा आहे का हे विचारणारी छोटी हाक) एका मिलिसेकंदात येतो, वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पकडून दाखवणारा प्रोग्राम) लावला तर लाखभर ओळी दिसतात आणि हार्डवेअरवाला म्हणतो की स्विच (सगळ्या मशीनच्या केबली जिथे जोडतात तो डबा) बदला. यातलं शेवटचं वाक्य वाचलं नसतं तर मी लिहायला बसलो नसतो. ते वाक्य मी दहा वर्षांपूर्वी तीन दिवस रोज ऐकलंय आणि त्याचं बिल दुसऱ्याच माणसानं भरलेलं पाहिलंय.

आधी एक सांगा. ‘अडकतो’ म्हणजे किती सेकंद? ‘बराच वेळ’, ‘अर्धा-एक मिनिट’ असं नाही. मोबाईलमधलं स्टॉपवॉच लावून मोजलंत का? मोजलं नसेल तर वायरशार्क बंद करा आणि आधी मोजा. का, ते पुढे येतंच.

२०१५ची गोष्ट. मी तेव्हा पुण्यात टिळक रोडवर एका हार्डवेअरवाल्याकडे कामाला होतो. मालकांना सगळे भाऊ म्हणायचे, मीही भाऊच म्हणतो. नारायण पेठेतला एक छापखाना आमचं गिऱ्हाईक. ऑक्टोबर महिना, दिवाळी अंकांचं काम, म्हणजे रात्रीचे अकरा वाजले तरी ऑपरेटर खुर्चीतून हलत नाही असे दिवस. तिथला फाइल सर्व्हर मी उभा केला होता. जुन्या असेंबल्ड मशीनवर उबंटू लिनक्स आणि त्यावर सांबा, म्हणजे विंडोजच्या मशीनना फोल्डर शेअर करून देणारा फुकट प्रोग्राम. छापखान्याच्या मालककाकांचे लायसन्सचे पैसे वाचवले म्हणून मी खुशीत होतो. त्यामुळे पानं अडकायला लागली तेव्हा पहिलं बोट कुणाकडे गेलं हे वेगळं सांगायला नको. ‘तुझं ते फुकटचं लिनक्स.’

तक्रार अशी की ऑपरेटर छपाईच्या प्लेटला पाठवण्याआधी पीडीएफ उघडायला जातो, विंडोजचं निळं कडं गरगर फिरत राहतं, खिडकी पांढरी पडते, ऑपरेटर शिव्या घालतो आणि मग फाइल उघडते. तीच फाइल पुन्हा उघडली तर लगेच. दुसऱ्या फाइलला पुन्हा तेच. आणि हे दिवसभर चालत नाही. दुपारी बारा-साडेबारा, मग चारच्या सुमारास, असं.

भाऊंनी पहिल्या दिवशी स्विच बदलला. दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेतून केबलचं बंडल आणून सहा मशीनच्या केबली बदलल्या. अडकणं तसंच. मग मी म्हटलं, मला एक तास द्या, पॅकेट बघतो. भाऊ म्हणाले, ‘अरे, पॅकेट दाखवून बिल फाडता येत नाही. गिऱ्हाइकाला बदललेली वस्तू दिसायला लागते.’ हे वाक्य मला अजून टोचतं. टोचतं, कारण धंद्याच्या हिशोबानं ते खरं आहे.

तरी मी ऑपरेटरच्या मशीनवर वायरशार्क लावला आणि इथे माती खाल्ली. पकडलेल्या ओळींमध्ये स्पष्ट दिसत होतं: मशीननं ‘क्रिएट रिक्वेस्ट’ पाठवली, म्हणजे ही फाइल उघडून द्या. सर्व्हरनं लगेच उत्तर दिलं, ‘पेंडिंग’. मग तीस सेकंद शांतता. मग ‘क्रिएट रिस्पॉन्स’, सक्सेस. मी धावत जाऊन भाऊंना सांगितलं की नेटवर्कचा दोष नाही, सर्व्हरच तीस सेकंद घेतोय. माकडाच्या हाती कोलीत माझ्याच हातानं दिलं. तिसऱ्या दिवशी सर्व्हरची हार्ड डिस्क आणि रॅम बदलली गेली. काकांचे एकूण साडेआठ हजार गेले. चौथ्या दिवशी दुपारी बारा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी पान पुन्हा अडकलं. तीस सेकंद.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. जुन्या डिस्कवर तीस, नव्या डिस्कवरही तीस. जुन्या स्विचवर तीस, नव्यावरही तीस. डिस्क खरंच मरायला टेकली असती तर एकदा बारा सेकंद लागले असते, एकदा चाळीस. केबल खराब असती तर आकडा दर वेळी वेगळा आला असता. दर वेळी नेमका तोच गोल आकडा येतो तेव्हा काहीही ‘स्लो’ नसतं. कुणीतरी कुणाची तरी वाट बघत असतं, आणि किती वेळ बघायची हे कुणीतरी प्रोग्रामात आधीच लिहून ठेवलेलं असतं. म्हणून म्हणतोय, आधी मोजा.

मग मी सर्व्हरवरच टीसीपीडंप लावला, वायरशार्कसारखाच पॅकेट पकडणारा, पण कमांडवर चालणारा. पोर्ट ४४५ (शेअर फोल्डरची बोलणी इथून चालतात) आणि त्याबरोबर एआरपी (अमुक पत्ता कुणाचा, ही नेटवर्कभर विचारणा), शंभर-शंभर एमबीच्या फाइली पाडत, दिवसभर. सर्व्हरवर लावल्याचा फायदा असा की त्याचं सगळ्यांशी चाललेलं बोलणं एकत्र दिसतं. ऑपरेटरच्या मशीनवरून फक्त त्याचं अर्धं भांडण दिसत होतं.

आणि काय दिसलं? ऑपरेटरची, म्हणजे १४ नंबरच्या मशीनची, फाइल उघडायची मागणी आली. सर्व्हरनं त्याला पेंडिंग म्हटलं आणि त्याच मिलिसेकंदाच्या आसपास, कुणी काही विचारलेलं नसताना, २३ नंबरच्या मशीनला एक निरोप पाठवला: ‘ऑपलॉक ब्रेक नोटिफिकेशन’. उत्तर नाही. सेकंदाच्या पाचव्या हिश्शानंतर तोच निरोप पुन्हा. मग दुप्पट वेळानं पुन्हा, मग चौपट. मग सर्व्हर अख्ख्या नेटवर्कला ओरडून विचारतोय, २३ कोण आहे, २३ कोण आहे. कुणी ओ देत नाही. तीस सेकंद भरल्यावर सर्व्हरनं नाद सोडला आणि १४ला फाइल देऊन टाकली.

२३ म्हणजे प्रूफं तपासणाऱ्या काकूंचा लॅपटॉप. वायफायवर. काकू सर्व्हरवरचे पीडीएफ उघडून वाचायच्या, चहाची वेळ झाली की झाकण लावून खाली जायच्या. सकाळचा चहा साडेबाराला, दुपारचा चारला. बंद झाकणाचा लॅपटॉप झोपी गेलेला, आणि सर्व्हरच्या वहीत मात्र त्या दहा-बारा फाइली अजून काकूंच्या नावावर.

ऑपलॉक म्हणजे काय हे दोन ओळींत सांगतो. सर्व्हर पहिल्या माणसाला म्हणतो, ‘ही फाइल सध्या तू एकटाच वापरतोयस, तुझ्याकडेच साठवून काम कर, मला दर वेळी विचारू नकोस. दुसऱ्या कुणी मागितली तर मी आधी तुला सांगीन.’ याच्यामुळे कामाचा वेग वाढतो. पण ज्याला सांगायचं तोच झोपलेला असला तर मागणारा ताटकळतो. नव्या आवृत्त्यांमध्ये याच प्रकाराला लीज म्हणतात आणि निरोपाचं नाव ‘लीज ब्रेक’ असतं. खेळ तोच.

काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘मग मी काय लॅपटॉप उघडा टाकून चहाला जायचं?’ बरोबर होतं त्यांचं. प्रूफांच्या फोल्डरपुरतं सांबाच्या सेटिंगमध्ये ऑपलॉक बंद केलं. एक ओळ. अंक वेळेवर गेला. भाऊंनी काकांना सांगितलं की नवीन डिस्क ‘सेट व्हायला’ दोन दिवस लागले. खराब म्हणून काढून आणलेला स्विच मी दुकान सोडलं तोवर आमच्याच काउंटरखाली चालू होता, एकदाही बंद न पडता.

भाऊंचं दुसरं पालुपद असायचं की हे पॅकेट-बिकेट कॉलेजातल्या पोरांचे उद्योग, धंद्यात कान आणि अनुभव लागतो. तेव्हा सुचलं नाही, आता सांगतो. ज्या सांबावर आपण गल्लोगल्ली सर्व्हर बसवले तो मुळात असल्याच उद्योगातून जन्मला. १९९१च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्यानं डेक या कॉम्प्युटर कंपनीच्या पाथवर्क्स नावाच्या फाइल सर्व्हरची आणि पीसीची बोलणी वायरवरून पकडून, कोण काय विचारतं आणि काय उत्तर मिळतं हे बघत बघत स्वतःचा सर्व्हर लिहिला. नावसुद्धा डिक्शनरीत एस, एम, बी ही अक्षरं (एसएमबी हे शेअर फोल्डरच्या बोलीचं नाव) असलेले शब्द शोधून मिळालेलं.

आता तुमचं. लाखभर ओळी वाचायच्या नसतात. अडकण्याच्या वेळचं घड्याळ बघून ठेवा आणि त्याच मिनिटाच्या ओळी घ्या. अडकलेल्या फाइलची क्रिएट रिक्वेस्ट शोधा, तिचा मेसेज आयडी, म्हणजे त्या मागणीचा नंबर, घ्या, आणि तोच आयडी, तेच टीसीपी स्ट्रीम (त्या दोन मशीनमधली तीच जोडणी) असा फिल्टर लावा. दोन-तीन ओळी उरतील. वेळेचा कॉलम ‘आधीच्या दिसणाऱ्या ओळीपासून किती सेकंद’ असा करा. सगळ्यात मोठी फट कुठे आहे आणि त्या फटीत बोलायची पाळी कुणाची होती, एवढंच बघायचं. पाळी सर्व्हरची असेल तर लगेच सर्व्हरला दोष देऊ नका, मी दिला तसा. सर्व्हरवर पकड लावा आणि तो त्या वेळात आणखी कुणाशी बोलत होता ते बघा.

आकडे ओळखायला शिका. तीसच्या आसपास सांबा, तर विंडोज सर्व्हर ऑपलॉकसाठी पस्तीस सेकंद थांबतो. एकवीस सेकंदांनी ‘सापडत नाही’ आलं तर बहुतेक कुठलीतरी फायरवॉल ४४५वरची पॅकेट गुपचूप गिळतेय. जुन्या विंडोजचे जोडणीचे प्रयत्न तीन, सहा आणि बारा सेकंद थांबून संपतात, बेरीज एकवीस. छोट्या फाइली झटकन आणि मोठ्या लटकतात, तेही व्हीपीएनवरून, तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, बघा. पिंगचं पॅकेट चिमुकलं असतं, ते कुठूनही जातं, म्हणून पिंग नीट येतो याला काडीची किंमत नाही. आणि आकडा खरोखरच दर वेळी वेगळा येत असेल, रिट्रान्समिशनच्या, म्हणजे पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पॅकेटच्या, काळ्या ओळी सगळ्याच मशीनना दिसत असतील, तर मात्र केबल, पोर्ट, स्विच. हो, स्विचसुद्धा.

इथे भाऊंच्या बाजूनं एक सांगायलाच हवं. वर्षभरानं कोथरूडच्या एका ऑफिसात मी दोन दिवस पॅकेट चाळत बसलो होतो. भाऊ आले, सर्व्हरच्या मागची केबल दोन बोटांनी हलवली, दिवा विझला. कनेक्टरची चाप तुटलेली होती. दोन मिनिटांत काम झालं आणि माझ्याकडे बघून हसलेसुद्धा नाहीत, ते जास्त लागलं.

राहिलेल्या गोष्टी घाईत. लॉगिन होताना ‘मोअर प्रोसेसिंग रिक्वायर्ड’ दिसलं तर घाबरू नका, तो एरर नाही, तो लॉगिनचा अर्धा टप्पा आहे. ज्या मशीनवर पकड लावली त्याच मशीननं पाठवलेल्या पॅकेटचे चेकसम (पॅकेट शाबूत आहे का हे तपासायचे आकडे) चुकीचे दिसले तर तेही सोडून द्या, ते काम पुढे नेटवर्क कार्ड करतं. एसएमबी ३चं एन्क्रिप्शन चालू असेल तर आतलं काहीच वाचता येणार नाही, फक्त वेळा दिसतील. पण फट शोधायला वेळा पुरतात. आणि पकडलेली फाइल उत्तर मिळावं म्हणून इथे चढवू नका. एन्क्रिप्शन नसेल तर तिच्यात तुमच्या फाइलींचा मजकूर असतो आणि लॉगिनची अशी देवाणघेवाण असते की घरी बसून पासवर्ड फोडता येतो. पकड लावण्याआधी साहेबांना विचारा, हेही आलं.

तुमचा सर्व्हर विंडोजचा आहे की सांबाचा हे तुम्ही लिहिलेलंच नाही. विंडोज असेल तर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्सखाली ‘ओपन फाइल्स’ बघा, कुठली फाइल कुणाच्या नावावर आहे ते दिसेल. सांबा असेल तर वायरशार्कच्या आधी सांबाची एसएमबीस्टेटस ही कमांड चालवा. कुठल्या फाइलवर कुणाचा ऑपलॉक आहे ते एका तक्त्यात येतं. मी ते चालवलं नव्हतं. लॉगही पाहिला होता, पण ऑपरेटरच्या मशीनचा, कारण तक्रार त्याची होती. सांबा प्रत्येक मशीनचा लॉग वेगळा ठेवतो. सगळं मिटल्यावर काकूंच्या लॅपटॉपच्या नावाची लॉग फाइल उघडली, तर ‘ऑपलॉक ब्रेक फेल्ड, रिप्लाइंग एनीवे’ ही ओळ तिच्यात पहिल्या दिवसापासून पडलेली होती. खाली खाली जात राहिलो, संपेचना.