जपानमध्ये सप्टेंबरात शरद संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र जवळपास समान असण्याच्या, दिवशी सुट्टी का असते आणि त्या दिवशी काय करतात?

या सुट्टीला जपानीत 'शूबुन नो ही' म्हणतात आणि ती बहुधा २२ किंवा २३ सप्टेंबरला येते. पूर्वजांचा आदर करणे व दिवंगतांचे स्मरण करणे हा तिचा हेतू १९४८ च्या कायद्यातच नमूद आहे. त्याआधी हाच दिवस सम्राटांच्या पूर्वजपूजेचा होता.

तिचे मूळ मात्र 'हिगान' या सात दिवसांच्या बौद्ध पर्वात आहे. हिगान म्हणजे पैलतीर, आणि हा शब्द संस्कृत 'पारमिता' (पलीकडे पोहोचणे) या संकल्पनेवरून आला, हे आपल्यासाठी विशेष जिव्हाळ्याचे आहे. संपाताला सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो आणि अमिताभ बुद्धाची सुखावती ही स्वर्गासारखी भूमी पश्चिमेलाच मानली जाते, म्हणून पैलतीरावरच्या आप्तांची आठवण काढण्यास हाच काळ योग्य समजला गेला.

कुटुंबे थडग्यांपाशी जातात, वाढलेले गवत उपटतात, दगडावर पाणी ओतून तो स्वच्छ पुसतात, फुले वाहतात आणि उदबत्ती लावून हात जोडतात. नैवेद्याला 'ओहागी' असते: चिकट भाताचा मुठीएवढा गोळा, त्यावर आझुकी या तांबड्या कडधान्याच्या गोड पुरणाचा जाड थर. हागी नावाच्या शरदातल्या फुलावरून हे नाव पडले. वसंतातल्या हिगानला त्याच पदार्थाला 'बोतामोची' म्हणतात. याच सुमारास भातखाचरांच्या बांधांवर लालभडक हिगानबाना फुलते. तिचा कंद विषारी असल्याने उंदीर-घुशी दूर राहाव्यात म्हणून ती बांधांवर आणि थडग्यांभोवती लावत असत.

पितृपक्षही साधारण याच दिवसांत येतो, पण तो चांद्र तिथीवर ठरतो, तर हिगान सूर्याच्या गतीवर.