समुद्रगरुड म्हणावे की घार?

कऱ्हाडच्या एका वाचकांनी विचारले आहे: "सुट्टीत गुहागरला गेलो होतो. सुरूच्या बनावरून एक भलामोठा पक्षी समुद्राकडे जाताना दिसायचा. डोके, छाती, पोट पांढरेशुभ्र, पाठ राखाडी. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकू म्हणाल्या, 'ती घार.' मुलाच्या पुस्तकात नाव सापडले 'समुद्री गरुड'. बरोबर कोण? आणि मुलगी विचारते, गरुडाच्या मादीला काय म्हणायचे?"

आधी पक्षी पक्का करू. पाठ राखाडी होती हे तुम्ही लिहिलेत ते फार बरे केलेत, कारण कोकण किनाऱ्यावर पांढऱ्या डोक्याचे दोन शिकारी पक्षी हमखास दिसतात. मासळी उतरते तिथे घुटमळणारी ब्राह्मणी घार डोक्या-छातीने पांढरी असली तरी तिची पाठ आणि पंख विटकरी असतात. तुमचा पक्षी तो नव्हे. खालून पाहताना पंखांचा पुढचा भाग पांढरा आणि मागची उड्डाणाची पिसे काळी, शेपूट आखूड आणि पाचरीच्या आकाराची, तरंगताना पंख किंचित वर उचललेले, ही समुद्रगरुडाची लक्षणे. पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास. आपल्या गावावरून फिरणाऱ्या नेहमीच्या घारीचा दीड मीटरच्या आतबाहेर असतो आणि तिची शेपटी मागे खाचलेली असते. म्हणजे पुस्तकातले नाव बरोबर आहे. पण काकूही चुकल्या असे म्हणायची माझी तयारी नाही.

घार हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या तटावर उभे राहिले की घारी आपल्या पायांच्या खालच्या पातळीवर घिरट्या घालताना दिसतात. एरवी आपल्याला घारीचे पोटच माहीत असते, तिथे तिची पाठ दिसते. वाऱ्यावर पंख न हलवता ती नुसती शेपटी तिरकी करून वळते, तेही तिथून स्वच्छ दिसते. अशा रीतीने आभाळात संथ फिरणाऱ्या कुठल्याही मोठ्या पक्ष्याला मराठी माणूस घार म्हणत आला आहे. रंगाने किंवा गुणाने वेगळी वाटली तर पुढे एक शब्द जोडायचा: कापसासारखी पांढरी ती कापशी घार (कावळ्याहूनही लहान, तरी घारच), डोक्यावर तुरा ती मोरघार. काकूंनी 'घार' म्हटले ते या जुन्या पद्धतीला धरून.

गरुड शब्दाची वाट निराळी. तो पुराणातून आला. ऋग्वेदात 'गरुत्मान्' आहे, पुढे विनतेचा मुलगा, विष्णूचे वाहन, नागांचा वैरी असा त्याचा संसार वाढला. अमरकोशात त्याच्या नावांत 'नागान्तक' आहे आणि 'पन्नगाशन', म्हणजे साप खाणारा, हेही आहे. मराठीतला गरुड मुख्यतः देवळात राहिला. पंढरपूरला गरुडखांब, दिंडीत गरुडटके, विष्णूच्या देवळासमोर हात जोडलेली मूर्ती. तेव्हा गरुड हे आधी कथेतल्या पक्ष्याचे नाव. रानातल्या कोणत्या पक्ष्याला ते द्यायचे हे लोकांनी आपापल्या मुलखात ठरवले, आणि सगळीकडे एकच ठरवले नाही. दक्षिणेत कर्नाटक, तमिळनाडूकडे ज्याला गरुड म्हणून हात जोडतात ती आपली ब्राह्मणी घार. बिहारात भागलपूरकडे गरुड म्हणजे मोठ्या चोचीचा, टकल्या डोक्याचा करकोचा. हे कळले की 'खरा गरुड कोणता' हा वाद किती मोकळ्या मैदानातला आहे ते लक्षात येते.

या नावाची सापांशी असलेली गाठ मात्र सुटलेली नाही. गरुडाच्या नावाने विष उतरवायचा मंत्र तो गारुड, तो जाणणारा गारुडी. आज गारुडी म्हणजे पुंगीवाला आणि 'आवाजाने गारुड केले' म्हणताना आपल्या मनात साप येतही नाही, पण शब्द त्याच घरातला. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळे सांगली जिल्ह्याला नागाची ओळख वेगळी करून द्यायला नको, म्हणून हे मुद्दाम सांगितले. पक्षीपुस्तके लिहिणाऱ्यांनी गरुड हे नाव वाटताना ही गाठ जपली याचा मला आनंद होतो. माण-खटावच्या माळावर दिसतो तो सापमार गरुड, कोयनेच्या जंगलात शीळ घालतो तो तुरेवाला सर्पगरुड.

आणि तुमचा समुद्रगरुड? तो मासे तर खातोच, पण समुद्रसाप हेही त्याचे आवडते खाद्य. पाण्याच्या पृष्ठभागाशी श्वास घ्यायला आलेला साप तो पायांनी उचलतो आणि उंच झाडावर नेऊन खातो. त्याच्या घरट्याखाली माशांच्या काट्यांबरोबर समुद्रसापांची हाडेही मिळतात. 'पन्नगाशन' हे नाव कोकणपट्टीत कुणाला शोभत असेल तर ते याला. म्हणून या पक्ष्याला मी स्वतः गरुडच म्हणेन.

प्राणिशास्त्राकडे बघाल तर ते काकूंच्या बाजूने उभे राहते, ही मोठी गंमत आहे. डोंगरी गरुडांच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसे असतात. समुद्रगरुडाच्या पायाचा खालचा भाग उघडा असतो. नात्यानेही समुद्रगरुड त्या डोंगरी गरुडांपेक्षा घारींच्या जास्त जवळचा आहे. ब्राह्मणी घार आणि आपली नेहमीची घार ही त्याची जवळची भावंडे. गुहागरच्या अंगणातून आभाळाकडे बघून काकूंनी ज्या कुळाचे नाव घेतले, ते चुकीचे नव्हते.

'समुद्री गरुड' की 'समुद्रगरुड'? 'समुद्री चाचे'सारखे प्रयोग रूढ आहेत, त्यामुळे 'समुद्री' अशुद्ध नाही. पण समुद्रकिनारा, समुद्रफेस, समुद्रसाप ही आपली घडण. तिच्याशी जुळणारा समुद्रगरुड एक शब्द म्हणून, मध्ये जागा न सोडता लिहावा. 'पांढऱ्या पोटाचा' हे विशेषण शास्त्रीय नावातून आले आहे. जगातल्या इतर समुद्रगरुडांपासून वेगळा दाखवायचा तेव्हा ते हवे, गुहागरच्या गप्पांत त्याची गरज नाही. या पक्ष्याचे एक ऋणही नोंदवून ठेवतो: वेळासच्या कासवांचे संवर्धन ज्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने उभे केले, तिच्या माणसांना 2002 साली तिथे कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली ती समुद्रगरुडाची पाहणी करताना.

क्रियापदांकडेही लक्ष द्या. घार झडप घालते, ससाणा सूर मारतो, गरुड झेप घेतो. बोलण्यात 'गरुडझेप' नेहमी वर जाणारी असते. आग्र्याहून सुटकेपासून कारखान्याच्या नफ्यापर्यंत सगळ्यांना आपण तो शब्द लावतो. प्रत्यक्षात समुद्रगरुडाची झेप खाली असते: लांबून तिरका उतरत येतो, शेवटच्या क्षणी पाय पुढे काढतो, पाण्याला जेमतेम स्पर्श करून भक्ष्य उचलतो. मीनघार मात्र पाय पुढे करून पाण्यात धाडकन पडते, तिला 'बुडी मारते' म्हणावे. समुद्रगरुड बुडी मारतो असे लिहू नये.

ससाण्याचा विषय निघालाच आहे तर, संस्कृत कोशांत श्येनाला 'शशादन', म्हणजे ससा खाणारा, असे नाव आहे. शशादन ते ससाणा ही वाट मला सरळ दिसते.

आता मुलीचा प्रश्न. व्याकरणात गरुड पुल्लिंगी, घार स्त्रीलिंगी. पक्षी नर की मादी याच्याशी त्याचा संबंध नाही. घारीतला नरही 'ती घार'च. 'गरुडीण' असा शब्द मराठीत रुळलेला नाही, तो घडवू नये. 'गरुडाची मादी' म्हणावे: गरुडाच्या मादीने अंडी घातली, मादी घरट्यावर बसली आहे. मुलीला एक गोष्ट जरूर सांगा, समुद्रगरुडात नरापेक्षा मादी मोठी असते. जोडी एकत्र उडताना दिसली तर त्यातली आकाराने मोठी ती मादी. अनेकवचनात गरुड बदलत नाही (एक गरुड, दोन गरुड), घार बदलते (दोन घारी).