आवाज थांबले, मग अभ्यास का होत नाही?

अगं पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. हिचा भाऊ २१ वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, त्याला आता दीड वर्ष झालं. गोळ्या वेळेवर चालू आहेत, कानात येणारे आवाज जवळजवळ बंद झालेत, सगळ्यांबरोबर जेवायला बसतो, बोलतो. पण पुस्तक उघडलं की तासभर त्याच पानावर. परवा त्याने हायलायटरने अख्खं पान पिवळं केलं, एक ओळ सोडली नाही, आणि हिने काय वाचलंस विचारलं तर नुसता बघत राहिला. बाबा म्हणतात "आवाज गेले ना, मग आता कसली नाटकं", आई म्हणते शिक्षणच सोडून दे, डोक्याला ताप नको. आणि ही विचारतेय, मावशी, कोणाचं ऐकू?

कोणाचंच नको. दोघंही घाबरलेत आणि घाबरलेला माणूस एकतर ओरडतो नाहीतर पदराखाली घेतो, तेच चाललंय तुमच्याकडे.

त्या पिवळ्या पानाकडे नीट बघ गं. पानातलं कुठलं वाक्य महत्त्वाचं, कुठलं सोडून दिलं तरी चालेल, ही निवड आपलं डोकं न सांगता करत असतं. तुझ्या भावाला नेमकी तीच आत्ता जमत नाहीये, म्हणून सगळंच पिवळं. आळशी मुलाचं पान कोरं असतं, अख्खं पान रंगवायला तासभर कोण बसेल?

या आजारात आवाज, संशय, भास हे सगळ्यांना दिसतं आणि गोळ्यांचा जोरही मुख्यतः त्याच्यावरच चालतो. पण लक्ष टिकवणं, ऐकलेलं दोन मिनिटं डोक्यात धरून ठेवणं, पटकन समजून घेणं, कामाची आखणी करणं, याला डॉक्टर लोक कॉग्निशन म्हणतात, त्यावर गोळ्यांचा फारसा फरक पडत नाही आणि बऱ्याच जणांमध्ये ही गडबड पहिला आवाज ऐकू येण्याच्या आधीपासूनच थोडीथोडी सुरू झालेली असते. तू लिहिलंयस ना, पहिल्या वर्षीच त्याचे मार्क घसरले आणि तुम्हाला वाटलं मित्रांच्या नादाला लागलाय, ते कदाचित हेच होतं.

एक साधी चाचणी असते. कागदावर वर प्रत्येक आकड्यासमोर एक खूण दिलेली, खाली नुसते आकडे, आणि दीड मिनिटात जमतील तेवढ्या आकड्यांखाली त्यांच्या खुणा काढायच्या. अवघड काहीच नाही. पण कितीतरी अभ्यासांमध्ये या आजारातली माणसं सगळ्यात जास्त मागे पडलेली दिसतात ती याच चाचणीत, कारण तिथे वेग लागतो. उलट शब्दांचे अर्थ, वाचता येणं, आधी पक्कं झालेलं ज्ञान हे त्यामानाने शाबूत राहतं. म्हणून तो तुला अकरावीचं गणित समजावून सांगतो आणि आजचं लेक्चर मात्र त्याच्या हातातून निसटतं. गेलाय तो वेग, आणि नवीन काही आत भरायचं दार अरुंद झालंय. आधीचं सगळं आत आहे.

बाबांना जी भीती आहे ना, की आता हा उतारच, तिलाही जुनं कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्रेपेलिन नावाच्या जर्मन डॉक्टरने या आजाराला डिमेन्शिया प्रीकॉक्स म्हटलं, म्हणजे कमी वयात बुद्धी ढासळणं. १९०८ मध्ये ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरने स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं, कारण प्रत्येकाची बुद्धी काही ढासळत जात नाही हे त्याला दिसत होतं. नाव बदललं पण भीती काही गेली नाही. खरं बघायला गेलं तर बऱ्याच जणांमध्ये पहिल्या झटक्याच्या आसपास घसरण होते आणि मग पुढची कितीतरी वर्षं ते तसंच टिकून राहतं.

आता शिक्षणाचं. हा आजार बहुतेकांना नेमका विशीच्या आसपास गाठतो, म्हणजे ऐन शिकायच्या वयात, त्यामुळे डिग्री अर्धी राहिली यावरून त्याची कुवत मोजू नका. संशोधकही मोजत नाहीत. निरोगी लोकांशी तुलना करताना बरेचदा ते आजारी माणसाच्या आईवडिलांचं शिक्षण बघतात, कारण त्याचं स्वतःचं शिक्षण आजारानेच तोडलेलं असतं. आईला हे नक्की वाचून दाखव.

म्हणून माझं म्हणणं, शिक्षण सोडायचं नाही, पण जुन्या वेगाने परत सुरूही करायचं नाही. या सत्रात एकच विषय घ्या, दोन नकोत, त्याच्या आवडीचा आणि ज्यात आधीचं ज्ञान कामी येईल असा. कॉलेजशी बोला, परीक्षेला जास्त वेळ, लेक्चर रेकॉर्ड करायची परवानगी, कुणाच्या तरी नोट्स. मात्र आजाराचं कोणाला किती सांगायचं हे तो ठरवेल, तू परस्पर सांगू नकोस. घरी २० मिनिटं वाचन, मग पुस्तक मिटून दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या, हायलायटर काही दिवस कपाटात. लक्षात ठेवायचं काम डोक्यावर टाकायचंच नाही, फोनचा अलार्म आणि भिंतीवरचा कागद कशाला आहेत?

डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीन गोष्टी विचार. एक, हातपाय कडक होऊ नयेत किंवा थरथरू नयेत म्हणून वेगळी गोळी चालू आहे का, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी स्मरणशक्ती मंदावते, तिची अजून गरज आहे का ते डॉक्टर बघतील. दोन, सकाळी त्याला गुंगी असते म्हणतेस, तर गोळीची वेळ बदलता येईल का. तीन, कॉग्निटिव्ह रेमेडिएशन कुठे मिळेल, म्हणजे लक्ष आणि स्मरणशक्तीचा शिकवणीसारखा सराव. २०११ मध्ये यावरचे ४० अभ्यास एकत्र तपासले होते, फायदा दिसला, जादू नाही, आणि रोजच्या जगण्यात त्याचा उपयोग जास्त झाला तो सोबत नोकरी-शिक्षणासाठी मदत चालू होती तिथे. नुसते मोबाईलवरचे गेम खेळून हे होत नाही हं. दम लागेल असा व्यायामही थोडा उपयोगी पडतो, रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर तूच भरभर चालायला जा ना.

आणि कृपा करून, अभ्यास व्हावा म्हणून कोणीही आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. २०१२ मध्ये ६५ चाचण्यांचे आकडे एकत्र केले होते, त्यात वर्षभरात आजार उलटला तो गोळी चालू असणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांचा आणि बंद केलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. एकदा उलटला की अख्खं वर्ष जातं.

बाबांशी भांडू नकोस. ज्या घरात सतत टोमणे आणि टीका असते तिथे आजार जास्त वेळा उलटतो हे १९७० च्या दशकापासून पुन्हापुन्हा दिसलंय, पण हे असं तोंडावर फेकलंस तर त्यांना वाटेल मुलाच्या आजाराचा दोष माझ्यावर टाकतेय, आणि आजार त्यांच्यामुळे झालेला नाही. त्यांना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत ने आणि ते पिवळं पानही घेऊन जा.

कोणीतरी तुम्हाला जॉन नॅशचं उदाहरण देईलच, हाच आजार असलेले अमेरिकन गणितज्ञ, नोबेल वगैरे. ते १९९४ चं नोबेल त्यांना आजारपणाच्या आधी केलेल्या कामासाठी मिळालं होतं, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला ते लागू पडत नाही. मला एलिन सॅक्स जास्त जवळची वाटते, तिलाही हाच आजार. अमेरिकेत येल विद्यापीठात कायदा शिकताना तिला दवाखान्यात भरती व्हावं लागलं, ती परत आली, पदवी पूर्ण केली, कायद्याची प्रोफेसर झाली, आणि औषधं सोडायचे प्रयत्न तिला महागात पडले हे तिनेच मोकळेपणाने सांगितलंय. तरी तिचा फोटो त्याच्या टेबलासमोर लावू नकोस. त्याला एक विषय पास होऊ दे.

राहिलं तुझं. पत्राच्या शेवटी, अगदी कोपऱ्यात लिहिलंयस की घरात कोणीतरी हवं म्हणून मी माझी एमएची ॲडमिशन सोडू का. नको. त्याला घरात पहारेकरी नकोय, शेजारच्या टेबलावर बसून स्वतःचा अभ्यास करणारी बहीण हवीये. फॉर्मची शेवटची तारीख जायच्या आत भर आणि भरलास की मला दोन ओळी लिही.

तुझी मावशी