वाचकांचे प्रश्न : झिका, गर्भारपण आणि रेसिफेतील अभ्यास

गेल्या अंकात ब्राझीलच्या साथरोगतज्ज्ञ डॉ. सेलिना तुर्ची यांच्या, झिका आणि लहान डोक्याची बाळे यांचा संबंध शोधण्याच्या कार्याविषयी छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे घरात गर्भवती असलेल्या वाचकांची आहेत आणि त्यांतील काळजी खरी आहे. त्यांपैकी पाच प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : झिकाच्या विषाणूमुळेच बाळांची डोकी लहान राहिली, हे डॉ. तुर्ची यांनी नेमके कसे ठरवले? त्या काळात लसींना आणि पाण्यात टाकायच्या औषधालाही दोष दिला जात होता, असे वाचल्याचे आठवते.
— एक वाचक, सासवड

उत्तर : आपल्याला बरोबर आठवते. 2015 च्या मे महिन्यात ब्राझीलमध्ये झिकाचे निदान निश्चित झाले, तेव्हा हा डासांमुळे पसरणारा, अंगावर पुरळ आणि सौम्य ताप आणणारा किरकोळ आजार समजला जात होता. काही महिन्यांतच ईशान्येकडील पर्नाम्बुको राज्याच्या राजधानीत, रेसिफे शहरात, बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. व्हेनेसा व्हान डेर लिंडेन यांच्या लक्षात आले की, डोके फारच लहान असलेली नवजात बाळे एकामागून एक येत आहेत आणि त्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसणारे चित्र नेहमीच्या जन्मजात संसर्गांशी जुळत नाही. शेजारच्या पराइबा राज्यात डॉ. अॅड्रियाना मेलो यांनी दोन गर्भवतींचे गर्भजल तपासणीस पाठवले आणि त्यात झिकाचा विषाणू सापडला. नोव्हेंबर 2015 मध्ये ब्राझीलने आरोग्य आणीबाणी जाहीर केली, तर 1 फेब्रुवारी 2016 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ती आंतरराष्ट्रीय पातळीवर जाहीर केली.

एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. ज्या गावात हजारो लोकांना झिका होऊन गेला आहे, तेथे आजारी बाळाच्या आईलाही तो होऊन गेलेला असू शकतो, आणि निरोगी बाळाच्या आईलाही. ओस्वाल्दो क्रूझ प्रतिष्ठानाच्या रेसिफे येथील संस्थेत काम करणाऱ्या डॉ. तुर्ची यांच्याकडे आरोग्य मंत्रालयाने शोधाची जबाबदारी दिली, तेव्हा त्यांनी साथरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ आणि विषाणूशास्त्रज्ञ यांना एकत्र आणून एक गट उभा केला. या गटाने निवडलेला मार्ग जुना आणि खात्रीचा होता. जानेवारी 2016 पासून रेसिफेच्या आठ सार्वजनिक रुग्णालयांत लहान डोक्याचे बाळ जन्मले की, त्याच्यासोबत त्याच परिसरातील आणि त्याच सुमारास जन्म अपेक्षित असलेली दोन निरोगी बाळे निवडायची, तिन्ही बाळांच्या आणि त्यांच्या मातांच्या सारख्याच तपासण्या करायच्या आणि सारखेच प्रश्न विचारायचे. बाळंतिणीच्या खाटेशी बसून, तिचे बाळ निरोगी असताना, त्या बाळाचे रक्त तपासणीसाठी मागणे सोपे नसते. तुलनेसाठी होकार देणाऱ्या त्या मातांचे ऋण मोठे आहे, असे मला मनापासून वाटते.

या अभ्यासात बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट पुढे आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अहवालात, बाधित बाळांच्या तपासलेल्या 30 मातांपैकी 24 जणींच्या रक्तात झिकाविरोधी प्रतिपिंडे (संसर्ग झाल्यावर शरीर त्याविरुद्ध तयार करते ती प्रथिने) होती, आणि निरोगी बाळांच्या 61 मातांपैकी 39 जणींच्या रक्तातही ती होती. हे प्रमाण 80 आणि 64 टक्के भरते. केवळ आईच्या रक्तावर विसंबले असते, तर निष्कर्ष डळमळीतच राहिला असता. परंतु आयजीएम नावाची प्रतिपिंडे आईकडून वार ओलांडून बाळाकडे जात नाहीत. ती नवजात बाळाच्या रक्तात किंवा मणक्यातील पाण्यात सापडली, तर संसर्ग गर्भातच बाळापर्यंत पोहोचला होता, असा त्याचा अर्थ होतो. 2017 च्या अखेरीस आलेल्या अंतिम निष्कर्षात 91 बाधित बाळांपैकी 32 बाळांत झिकाचा पुरावा प्रयोगशाळेत मिळाला, आणि 173 निरोगी बाळांपैकी एकाही बाळात तो मिळाला नाही. 91 पैकी 32 च का, असा प्रश्न येथे पडेल. संसर्ग गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत झालेला असेल, तर बाळ जन्मेपर्यंत विषाणूच्या आणि या प्रतिपिंडांच्या खुणा पुसल्या गेलेल्या असू शकतात, म्हणून पुरावा न मिळणे म्हणजे संसर्ग नव्हताच, असे मानता येत नाही.

याच अभ्यासात गर्भारपणातील लसी आणि पाण्यात टाकले जाणारे पायरीप्रॉक्सिफेन हे अळीनाशक यांचीही विचारपूस झाली होती. या दोहोंचा लहान डोक्याशी संबंध आढळला नाही. अफवेला केवळ नाकारण्याऐवजी तिलाही त्याच कसोटीवर घासून पाहिले गेले, हे मला या कामाचे सर्वांत मोलाचे अंग वाटते.

प्रश्न : माझ्या सुनेला चौथा महिना लागला आहे. आमच्या भागात झिकाचे रुग्ण सापडल्याचे महापालिकेचे कर्मचारी सांगून गेले. तिला दोन आठवड्यांपूर्वी अंगावर पुरळ आले होते आणि कणकण होती. आता काय करावे?
— एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : प्रथम तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना पुरळाची आणि तापाची तारीख सांगावी, तीही आजच. विषाणू रक्तात साधारण पहिला आठवडा आणि लघवीत त्याहून काही दिवस अधिक सापडतो, म्हणून उशीर झाला की थेट विषाणू शोधणारी तपासणी हाती काही देत नाही. त्यानंतरची रक्ततपासणी प्रतिपिंडांवर अवलंबून असते आणि डेंग्यू होऊन गेलेल्या व्यक्तीत तिचा निकाल फसवा येऊ शकतो, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातील आहेत. त्यामुळे अहवालाचा अर्थ घरी लावू नये. नमुने महापालिकेच्या आरोग्य विभागामार्फत राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवण्याची सोय पुण्यातच आहे.

तपासणीत झिका निघाला, तरी बाळाला अपाय झालाच, असे कृपया समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार गर्भारपणात संसर्ग झालेल्या मातांच्या बाळांपैकी 5 ते 15 टक्के बाळांत झिकाशी निगडित दोष आढळतात. पहिल्या तिमाहीतील संसर्ग अधिक धोक्याचा असतो, परंतु पुढील महिनेही पूर्णपणे सुरक्षित नसतात. अशा वेळी डॉक्टर दर तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफी करून बाळाच्या डोक्याची वाढ आणि मेंदूची रचना पाहतात. एक सोनोग्राफी चांगली आली म्हणून पुढच्या टाळू नयेत, कारण डोक्याची वाढ मंदावल्याचे काही वेळा शेवटच्या महिन्यांतच कळते. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल चालते. डेंग्यू नाही, हे ठरेपर्यंत अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये.

महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण 2021 च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला होता, आणि 2024 च्या जूनपासून पुणे शहरात जे रुग्ण सापडले, त्यांत अनेक गर्भवती होत्या. बहुतेकांना झिका झाल्याचे कळतही नाही, म्हणून पुरळ आले नसते, तरीही भागात रुग्ण असताना डॉक्टरांना विचारणे योग्यच ठरले असते.

प्रश्न : आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. पाणी साठवल्याशिवाय घर चालत नाही आणि साठवले की डास होतात. घरात बाळंतपण जवळ आले आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : रेसिफेच्या त्या मातांचीही हीच अडचण होती. तेथे ज्या वस्त्यांत राहणीमान अधिक हलाखीचे होते, तेथे लहान डोक्याची बाळे अधिक जन्मली, असे डॉ. तुर्ची यांच्या सहकाऱ्यांनी शहराचा नकाशा मांडून दाखवले आहे. नळाला पाणी न येणे हा घरातील बाईचा निष्काळजीपणा नव्हे, आणि आरोग्य खात्याच्या पत्रकांतील सूर कधी कधी तसा लागतो, याचे मला वाईट वाटते.

घरात करता येण्याजोगे एवढे आहे : पाण्याचे पिंप आणि रांजण घट्ट झाकावेत, झाकण नसेल तर सुती कापड ताणून बांधावे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, आणि त्या दिवशी भांडे नुसते रिकामे न करता आतून घासून पुसावे. झिका पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागताच त्यांतून अळ्या निघतात. फ्रिजमागचा ट्रे, कूलर आणि गच्चीवरचे टायर विसरू नयेत. रिकामा न करता येणाऱ्या हौदासाठी आशाताईंकडे गप्पी माशांची चौकशी करावी. हा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपतानाही मच्छरदाणी लावावी. डीट किंवा पिकारिडिन असलेली डास प्रतिबंधक मलमे वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापरल्यास गर्भारपणात चालतात.

प्रश्न : माझे पती कामानिमित्त झिकाची साथ असलेल्या देशात जाऊन येणार आहेत. आम्ही मुलाचा विचार करत आहोत.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : झिका डासाप्रमाणेच शरीरसंबंधातूनही पसरतो आणि वीर्यात तो रक्तापेक्षा जास्त काळ राहतो. म्हणून पुरुषाने परतल्यावर तीन महिने निरोध वापरावा किंवा संबंध टाळावेत. प्रवास स्त्रीनेच केला असेल, तर गर्भधारणेसाठी दोन महिने थांबावे. लक्षणे नसली, तरी हे पाळावे. आधीच दिवस राहिले असतील, तर निरोधाची काळजी बाळंतपणापर्यंत घ्यावी. झिकावर मान्यताप्राप्त लस नाही, त्यामुळे याला दुसरा पर्याय नाही.

प्रश्न : ब्राझीलमधील ती मुले आज कशी आहेत? आणि ज्या बाळाचे डोके जन्मतः नीट होते, त्याची काळजी मिटली, असे समजायचे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डॉ. तुर्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साथ ओसरल्यावरही या मुलांचा पाठपुरावा सोडला नाही, ही गोष्ट त्यांच्या मूळ शोधाइतकीच महत्त्वाची आहे. गंभीर बाधा झालेल्या अनेक मुलांना झटके येतात, गिळता येत नाही, सांधे आखडलेले असतात, नजर आणि श्रवण कमकुवत असते. जन्मजात झिका असलेल्या मुलांचा तीन वर्षांच्या आत मृत्यू होण्याचे प्रमाण इतर मुलांच्या सुमारे अकरा पट असल्याचे 2022 मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय नोंदींवरून दिसून आले. ब्राझीलने 2020 मध्ये कायदा करून, 2015 ते 2019 या काळात जन्मलेल्या अशा मुलांना आजीवन निवृत्तिवेतन देऊ केले. साथ संपली, म्हणजे कुटुंबाची गरज संपत नाही, याची ती कायदेशीर कबुली होती.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. जन्मतः डोक्याचा घेर ठीक असलेल्या काही बाळांतही मेंदूतील दोष नंतर लक्षात आले, आणि काहींच्या डोक्याची वाढ जन्मानंतर मंदावली. म्हणून गर्भारपणात झिका झालेल्या प्रत्येक आईच्या बाळाची जन्मानंतर डोळ्यांची आणि कानांची तपासणी करून घ्यावी, दर भेटीत डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहून घ्यावा, आणि मान धरणे, नजर स्थिरावणे, आवाजाकडे वळणे यांत उशीर वाटल्यास थांबू नये. अनेक जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. तेथे बालरोगतज्ज्ञांबरोबर व्यायामोपचार आणि वाचा-श्रवणाची सेवा विनामूल्य मिळते, आणि आईला गर्भारपणात झिका झाला होता, हे तेथील डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.