आधी कोणाचे पैसे द्यायचे?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी 41 वर्षांचा आहे. जळगावच्या एमआयडीसीत पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत 13 वर्षं मशीन ऑपरेटर होतो. पगार 19,400, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000. पीएफ आणि ईएसआय कापलं जायचं. गेल्या महिन्यात आम्हा 11 जणांना ऑफिसात बोलावून 'उद्यापासून येऊ नका' सांगितलं. 35,000 देतो म्हणाले, पण आधी राजीनाम्यावर सही करा. घरी विचारून सांगतो म्हणून मी निघून आलो.

कर्ज असं आहे : बँकेत बायकोच्या मंगळपोतीवर आणि बांगड्यांवर 1,40,000. मोटरसायकलचा हप्ता 3,150, अजून 9 बाकी. बायकोच्या नावावर एका मायक्रोफायनान्स कंपनीचं गटाचं कर्ज, दर 15 दिवसांनी 2,180. शिवाय आईच्या ऑपरेशनला ओळखीच्या माणसाकडून 60,000 घेतले, 5 रुपये शेकड्याने. 14 महिने व्याज भरतोय, मुद्दल तेवढंच. त्याच्याकडे माझे सही केलेले दोन कोरे चेक आहेत. तो रोज रात्री फाटकाशी येऊन उभा राहतो. हाताशी 23,000 आहेत, त्यातले 20 त्याला देऊन टाकावे असं वाटतं. मोटरसायकल विकू का? मेहुणा चाकणला बोलावतो आहे, पण मुलगी बारावीला आहे. वडील अमळनेर तालुक्यात असतात, त्यांना अजून सांगितलेलं नाही. गल्लीतले विचारतात, 'काय भाऊ, आज कामले गया नही का?' मी सुट्टी आहे म्हणतो.
— एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, सही केली नाहीत हे फार चांगलं केलंत. पत्र वाचताना माझा जीव त्याच ओळीशी अडकला होता. आताही करू नका. राजीनामा दिला की कागदावर तुम्ही आपणहून गेलात, मग छाटणीची भरपाई मागणार कशी?

तुमचा हिशोब मी करून पाहिला. 13 वर्षं सलग नोकरी झालेल्या कामगाराला काढायचं तर एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, नाहीतर तेवढा पगार. ते 19,400. वर भरलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार, म्हणजे 9,700 गुणिले 13, झाले 1,26,100. हे 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेलं आहे, नव्या कामगार संहितेतही दर तोच आहे; फक्त पगारात कोणते भत्ते धरतात ते कामगार कार्यालयात विचारून घ्या, त्याने आकडा थोडा कमी होऊ शकतो. ग्रॅच्युइटी वेगळी : 13,000 ला 26 ने भागून 15 ने गुणलं की 7,500, त्याची 13 वर्षं म्हणजे 97,500. सगळं मिळून 2,43,000 पर्यंत जातं, आणि तुमच्यापुढे 35,000 चं पाकीट ठेवलं.

तुम्ही 11 जण आहात, एकेकटे जाऊ नका. पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचं कार्ड, पीएफचं पासबुक, ओळखपत्र या सगळ्याच्या झेरॉक्स काढा आणि जळगावच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ग्रॅच्युइटीचा अर्ज कंपनीला वेगळा द्या, ती 30 दिवसांत द्यावी लागते. वकील लागला तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कारखान्याच्या कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो. ईएसआयच्या शाखेत 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' सध्या चालू आहे का तेही विचारा, असेल तर अर्ज घ्या. नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी मजुरीच्या निम्मे पैसे जास्तीत जास्त 90 दिवस देण्याची ती योजना आहे. आपणहून नोकरी सोडलेल्याला मात्र नाही. म्हणून पुन्हा तेच, सही नको.

आता कर्जाचं. मी 31 वर्षं बँकेत होते, त्यातली 19 कर्जाच्या टेबलावर, भुसावळ आणि चोपड्याला. थकलेल्या माणसाच्या हातून एक चूक हमखास होताना पाहिली : जो जास्त ओरडतो त्याला तो आधी पैसे देतो. बँक पत्र पाठवते आणि गप्प बसते, म्हणून ती मागे राहते. मग एक दिवस सोनं लिलावाला निघतं आणि बाई टेबलाशी येऊन रडते.

आमच्या घरीही हेच झालं होतं. वडील कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत. दारात रोज येणारा घेणेकरी होता किराणेवाला. त्याचं तोंड बंद करायला वडिलांनी आईची शिवणाची मशीन विकली. मशीन हातगाडीवर चढवली तेव्हा तिच्या ड्रॉवरमध्ये एका शेजारणीच्या ब्लाउजची बटणं राहिली होती, आई ती काढून घ्यायला गाडीमागे धावली. त्या मशीनवर आठवड्याला घरखर्चापुरतं सुटत होतं. किराणेवाला पंधरा दिवस गप्प बसला, आणि पुढची चार वर्षं आई लोकांच्या घरी पापड लाटायला जात होती.

म्हणून मोटरसायकल विकू नका. एमआयडीसीत रात्रीची पाळी सुटल्यावर घरी कशाने याल? ती तुम्हाला कामावर नेते, तिचा हप्ता चालू ठेवा.

23,000 मधून आधी दोन महिन्यांचं धान्य, तेल, वीजबिल आणि मुलीची परीक्षेची फी बाजूला काढा. मग सोनेतारणाच्या बँकेत स्वतः जा, मुदत संपायची वाट पाहू नका. व्याज भरून कर्ज नव्याने करून मिळेल का, हे मॅनेजरला विचारा. आधी येऊन सांगणाऱ्याचं आम्ही ऐकायचो. कोणी सहा महिने तोंड लपवून आला की हात बांधलेले असायचे.

गटाच्या कर्जाबद्दल वहिनींनी कंपनीच्या शाखेत लेखी द्यावं की घरातली नोकरी गेली आहे, हप्ता लहान करून मुदत वाढवा. त्यात शेजारच्या बायकांचाही जीव गुंतलेला असतो, म्हणून 500 का होईना, भरत राहा. वसुलीवाले सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर येऊ शकत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बाकीच्या कर्जांच्या वसुली एजंटांना सकाळी 8 ते संध्याकाळी 7 ही वेळ आहे. कोणी शिव्या दिल्या तर तारीख-वेळ वहीत लिहा, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे पैसे पडत नाहीत.

आता तो फाटकाशी उभा राहणारा. 5 रुपये शेकडा म्हणजे वर्षाला 60 टक्के. महिन्याला 3,000 प्रमाणे 14 महिन्यांत तुम्ही त्याला 42,000 दिलेत. आज 20,000 दिले तरी ते व्याजातच जिरतील आणि पुढच्या महिन्यात तो पुन्हा तिथेच उभा असेल. व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायला महाराष्ट्रात 2014च्या कायद्याने परवाना लागतो. त्याच्याकडे परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या, म्हणजे सहकार खात्याच्या, कार्यालयात कळतं. नसेल तर तक्रारही तिथेच. कोऱ्या चेकचे नंबर चेकबुकच्या अर्ध्या पानावरून आजच उतरवून ठेवा. मी तुमच्या जागी असते तर त्याला एवढंच सांगितलं असतं, भरपाई आली की हिशोब मिटवू, दोन साक्षीदारांसमोर, पावती आणि चेक परत घेऊन. रात्री फाटक उघडू नका. दमदाटी झाली तर पोलीस ठाण्यात जा.

भरपाई आली की टपरी टाकू, दुकान टाकू असे सल्ले देणारे पुष्कळ भेटतील. तो पैसा आधी या 60,000 चं तोंड बंद करायला वापरा.

कामाचं बोलू. तुम्ही पत्रात नुसतं 'ऑपरेटर' लिहिलंत. माझ्या टेबलाशी एकदा असेच एक भाऊ आले होते, त्यांनीही तेवढंच सांगितलं. मी विचारलं, सकाळी 7 ला आत गेल्यावर पहिला हात कशाला लावता? मग ते वीस मिनिटं बोलत होते : प्लास्टिकचा दाणा किती तापलाय हे वासावरून कसं कळतं, डाय म्हणजे साचा बदलायला दोघांना किती वेळ लागतो, जाडी कमी-जास्त झाली तर आधी काय तपासायचं. हे सगळं एका कागदावर उतरवा, कोणकोणत्या मापाचे पाइप काढलेत तेही. जळगावात चटईचे कारखाने आहेत, पाइप आणि ठिबकचे आहेत. छोट्या कारखान्याचा मालक गेटवरच ओळखतो की या माणसाने मशीनवर हात काळे केलेत. पगार कमी, 12 तासांची पाळी म्हणतील. तरी दोन-चार महिन्यांसाठी धरा आणि शोध चालू ठेवा. कापसाच्या हंगामात जिनिंगवाल्यांना मशीन कळणारा माणूस लागतो, दाल मिलमध्येही विचारा. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

चाकणला जायचं तर एकटे जा, बारावी होईपर्यंत घर हलवू नका. मेहुण्याला पगार विचारू नका, खोलीभाडं, खानावळ आणि येण्याजाण्याचं भाडं वजा जाऊन घरी किती पाठवता येतं ते विचारा.

वडिलांना या रविवारी जाऊन सांगा. फोनवर नको. अमळनेरच्या बाजारात त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर तेच जास्त लागेल. गल्लीत विचारलं तर सुट्टी म्हणू नका, काम शोधतोय म्हणा. कोणाचा तरी भाचा कुठेतरी सुपरवायझर असतो.

सोमवारी कामगार कार्यालयात किती जण आलात आणि सुनावणीची तारीख कोणती मिळाली, ते मला कळवा. 11 मधल्या कोणी आधीच सही केली असेल तर त्यांनाही बरोबर न्या, ग्रॅच्युइटी त्यांचीही बुडत नाही.