डॉक्टर व्हायचं नाही, पण सायन्स आवडतं

जून-जुलैमध्ये करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न बहुतेक एकच असतो. "पोरगी हुशार आहे, सायन्सची आवड आहे, पण नीटला नंबर लागला नाही. आता रिपीट करायचं की बीएस्सीला घालायचं? आणि बीएस्सी करून पुढं काय?" सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंब बागायतदारांनी हाच प्रश्न विचारला, वर एक तक्रारही जोडली, "ती म्हणते डॉक्टर व्हायचंच नाही. मग सायन्स घेतलं कशाला, मॅडम?"

त्यांच्या मुलीला सायली म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सायली दोन वर्षं लातूरला क्लासला होती. बारावीला चांगले मार्क होते, पण नीटच्या मार्कांवर सरकारी कॉलेज मिळणार नव्हतं. खाजगी कॉलेजची फी झेपण्यातली नव्हती. रिपीटरच्या बॅचची चौकशी वडिलांनी करून ठेवली होती, ॲडव्हान्स तेवढा भरायचा बाकी होता. बोलणं सगळं त्यांचंच चाललं होतं. सायली ओढणीच्या टोकाशी चाळा करत बसली होती. मी वडिलांना म्हटलं, "दादा, खाली चहा चांगला मिळतो, अर्ध्या तासानं या."

"काय व्हायचंय?" हा प्रश्न मी मुलांना विचारत नाही. त्याचं उत्तर घरच्यांनी पाठ करून घेतलेलं असतं, नाहीतर मुलं गप्प बसतात. मी विचारलं, बारावीच्या प्रॅक्टिकलला काय काय केलंस? तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की जर्नल उतरवून काढली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो परीक्षेच्या आधी एकदाच. दोन वर्षं सायन्स शिकलेल्या मुलीनं सायन्स केलेलं नव्हतं. नीटची तयारी करणाऱ्या पुष्कळ मुलांचं असंच असतं. मग त्यांना जे आवडतं किंवा नावडतं, ते विज्ञान असतं की एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायचे प्रश्न, हे त्यांनाही सांगता येत नाही.

म्हणून पुढचा प्रश्न अभ्यासाबाहेरचा होता. कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही, असं शेवटचं कधी झालं? ती बराच वेळ थांबली आणि मग तेल्याबद्दल बोलायला लागली. डाळिंबावरचा तेल्या म्हणजे पानांवर, फळांवर तेलकट डाग पडून फळ तडकतं तो रोग. सोलापूरकडच्या बागायतदाराला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. सुट्टीत घरी आल्यावर तिनं एका वहीत बागेचा नकाशा काढून, कुठल्या झाडावर कधी डाग दिसला ते लिहून ठेवलं होतं. पावसानंतर वाऱ्याच्या बाजूच्या ओळी आधी लागतात, असं तिच्या लक्षात आलं होतं. वडिलांशी तिचा वादही झाला होता. तेल्या जिवाणूमुळे होतो असं सगळे म्हणतात, मग फवारणीत बुरशीनाशक कशाला? आणि स्ट्रेप्टोसायक्लिन या जिवाणूनाशकातलं स्ट्रेप्टोमायसिन माणसाला टीबीवर देतात, ते झाडावर मारून कसं चालतं?

मला उत्तरं येत नव्हती आणि यायची गरजही नव्हती. मला हवं होतं ते समजलं होतं. या मुलीला माणसाचा आजार बरा करण्यात रस नाही. आजार पसरतो कसा, ते शोधून काढण्यात आहे.

"सायन्स आवडतं" या दोन शब्दांखाली फार वेगवेगळी मुलं माझ्यासमोर बसतात. एखाद्याला गणित सुटेपर्यंत झोप येत नाही. एखाद्याला यंत्र उघडून बसायचं असतं. एखादी दुसऱ्याला समजावून सांगताना फुलते. आणि एखाद्याला ठरलेलं काम ठरलेल्या पद्धतीनं, अचूक करण्यात समाधान असतं. या शेवटच्या मुलांना आपण कमी लेखतो. माझ्याकडे आलेला एक मुलगा केमिस्ट्रीत बीएस्सी करून औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलला लागला. सुरुवातीचा पगार बेताचा होता आणि रात्रपाळी होती, पण औषधात काय किती आहे ते तपासणारं एचपीएलसी मशीन त्याच्या हातात असं बसलं की आता नवी मुलं त्याच्या हाताखाली शिकतात. तेच काम मी सायलीला एका ओळखीच्या कारखान्यात, चिंचोळी एमआयडीसीत, दिवसभर बघायला लावलं. संध्याकाळी तिचा फोन आला, "मॅडम, सगळा दिवस एकच गोळी तपासत होते." उत्तर मिळालं.

दुसरी भेट तिनं वडिलांबरोबर सोलापूरजवळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दिली. वडील शेतकरी म्हणून पूर्वी तिथे गेले होते, मुलगी तिथे काम करू शकते हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. जिवाणू पानांच्या रंध्रांतून आणि जखमांतून आत शिरतो आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पुढच्या झाडावर जातो, हे ऐकल्यावर सायलीनं वही पुढे केली. वाऱ्याच्या बाजूच्या ओळींचं कोडं तिथे सुटलं. बुरशीनाशकाचंही सुटलं: त्यातलं तांबं जिवाणूलाही मारतं.

तिसऱ्या बैठकीत वडिलांनी कागद-पेन काढलं. मला असे पालक आवडतात. मुलीच्या आवडीपुढे पैशाचं विचारणारे पालक कोत्या मनाचे, असं मला वाटत नाही. शेतातल्या उत्पन्नावर हे सगळं चालायचं असतं.

मी काही लपवलं नाही. संशोधनाची वाट लांब आहे. बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी म्हणजे सत्ताविशी-अठ्ठाविशी उजाडते. सरकारी शास्त्रज्ञाच्या जागा थोड्या आणि त्यांची परीक्षा अवघड. "म्हणजे डॉक्टरपेक्षा जास्त वर्षं?" त्यांनी विचारलं. मग डॉक्टरचाही हिशोब मांडला. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक, एमडी तीन, आणि त्याआधी रिपीटचं वर्ष. तेही नंबर लागला तर. नीटला वीस लाखांच्या वर मुलं बसतात, एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आणि त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. ज्या मुलीला मुळात डॉक्टर व्हायचं नाही तिचं वर्ष आणि पैसे या रांगेत घालणं मला पटत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. पीएचडीच्या काळात खिशातून घालावं लागतंच असं नाही, हे त्यांना नवीन होतं. सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं.

बीएस्सीबद्दलची त्यांची भीती खोटी नव्हती. जिथे प्रयोगशाळेला कुलूप असतं अशा कॉलेजातलं बीएस्सी म्हणजे तीन वर्षांची जर्नल उतरवणी. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावं की आठवड्यात किती तास प्रयोग प्रत्यक्ष करता आणि प्रोजेक्ट कुठे केलात. प्रॉस्पेक्टस वाचून ते कळत नाही.

सायलीसमोर दोन वाटा खऱ्या होत्या. एक आयसर, म्हणजे विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन एकत्र चालणारी केंद्र सरकारची संस्था. पुण्याची आयसर २००६ पासून आहे, देशात अशा सात आहेत, पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम. प्रवेशाची आयएटी परीक्षा पीसीबीच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) मुलांनाही देता येते, पण तिच्यात गणिताचे १५ प्रश्न असतात आणि सायलीनं गणित दहावीनंतर सोडलेलं. त्या वर्षीची परीक्षा होऊनही गेली होती. दुसरी वाट कृषीची. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीबी ग्रुप तिनं "सराव म्हणून" दिला होता, आणि चार वर्षांच्या बीएस्सी ॲग्रीला तो चालतो. चार वर्षांनंतर थांबावं लागलं तरी बँकेतला कृषी अधिकारी, एमपीएससी, निर्यातीच्या फळांवरचे औषधांचे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळा, बियाणं-औषध कंपन्या, अशी दारं उघडी राहतात. वडिलांचा पेन इथे पहिल्यांदा थांबला.

पण आईचं म्हणणं वेगळं होतं. फोनवर त्या म्हणाल्या, "शेतीतनं बाहेर काढायला शिकवली, आणि पुन्हा शेतीच?" त्यांना समजावण्याचं काम मी केलं नाही. सायलीनं केलं, आणि त्याला पंधरा दिवस लागले.

जाता जाता अकरावीच्या पालकांसाठी: गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता येत असेल आणि मूल त्या ओझ्याखाली दबत नसेल, तर ठेवावं. फिजिक्स आवडणाऱ्या मुलांना पुढे नेस्ट या प्रवेश परीक्षेतून भुवनेश्वरचं नायसर किंवा मुंबईचं सीईबीएस या मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या संस्था आहेत. एमएस्सीनंतर बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) ट्रेनिंग स्कूलमध्ये निवड झाली तर शिकताना विद्यावेतन मिळतं. मेडिकल फिजिसिस्ट हे पद तर फार थोड्या पालकांनी ऐकलेलं असतं. कॅन्सरच्या रेडिएशनचा डोस नेमका बसवण्याच्या कामात हा माणूस लागतो. दवाखान्यात काम करायचंय पण डॉक्टर व्हायचं नाही, अशा फिजिक्सवाल्या मुलासमोर मी हे नाव आवर्जून ठेवते.

सायलीनं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या एका कॉलेजात प्रवेश घेतला. पहिल्या सत्रात अर्थशास्त्र आणि विस्तारशिक्षण (नवं तंत्र शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचं शास्त्र) असे विषय बघून ती वैतागली होती. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं: कृषी पदवीत सगळंच प्रयोगशाळेत घडत नाही. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. परवा विचारत होती, एमएस्सीला वनस्पती रोगशास्त्र घ्यावं की सूक्ष्मजीवशास्त्र. हे मी सांगण्यासारखं नाही. तिला तिच्या रोगशास्त्राच्या सरांकडे पाठवलं आहे आणि जाताना दोन्ही विषयांत पीएचडी करणाऱ्या एकेका मुलीला भेटून ये म्हटलं आहे.