जपान रेल पास घेणं परवडते का? आम्ही चौघं मे महिन्यात जातोय

भाऊ, तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं, आई आणि 9 वर्षांचा मुलगा असे चौघं जाताय, पोराची परीक्षा झाली की मे महिन्यात, 10 दिवस, टोकियो मग क्योतो मग ओसाका, मधात एक दिवस हिरोशिमा आणि परत टोकियोहून विमान. विमानाची तिकिटं अजून काढली नाहीत पण 7 दिवसांचा जपान रेल पास, म्हणजे तेवढे दिवस जपान रेल्वेच्या बहुतेक गाड्यांत हवं तितकं फिरायचं तिकीट, आत्ताच घेऊन ठेवू का असं विचारताय, कारण जो तो व्हिडिओत सांगतो की घ्याच. माझं सरळ उत्तर, ह्या प्लॅनला घेऊ नका. आणि पासाच्या आधी विमानाच्या तिकिटाचं पाहा, खरा पैसा तिथं वाचतो, कसा ते सांगते.

मी आर्वीकडची. माझा लहान भाऊ नागोयाला नोकरीला आहे, आई-बाबांना घेऊन त्याच्याकडे गेले होते तेव्हा हा सगळा हिशोब वहीत मांडला होता, आणि तेव्हापासून नात्यातलं, ओळखीचं कोणी तिकडं निघालं की त्यांचाही मांडून देते. तुम्ही दर्यापूरचे म्हणजे आपल्याच भागातले. तुमची शकुंतला रेल्वे बंद पडली, आमची पुलगाव-आर्वी गाडीही गेली, त्यामुळे तिकडची मिनिटाच्या काट्यावर चालणारी रेल्वे पाहून जीव हरखतो आणि वाटते की पास काढावा आन नुसतं फिरत राहावं. मलाही तसंच वाटलं होतं.

आधी हे समजून घ्या की जुने व्हिडिओवाले काहून घ्या म्हणतात. ते खोटं बोलत नाहीत, त्यांच्या वेळी ते बरोबरच होतं. ऑक्टोबर 2023 च्या आधी 7 दिवसांचा साधा पास 29,650 येनला होता आणि टोकियो ते क्योतो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं तिकीट साधारण 14 हजार येन. नुसतं क्योतोला जाऊन परत आलं तरी पास जवळपास वसूल, वर अजून कुठं एक चक्कर मारली की सगळा फायदाच. मग ऑक्टोबर 2023 मध्ये तोच पास 50,000 येनचा झाला, 14 दिवसांचा 47,250 वरून 80,000 वर गेला. तिकिटांचे दर काही त्या मानानं वाढले नाहीत. म्हणजे गणितच उलटलं, पण व्हिडिओ तसेच फिरून राह्यले.

आता तुमचा रस्ता घ्या. मी आकडे जरा गोल करून लिहिते आणि हे सगळे त्या दरवाढीनंतरचे आहेत, काढायच्या दिवशी अधिकृत साइटवर परत एकदा पाहून घ्या कारण तिकडेही दर बदलत राहतात. टोकियो-क्योतो सगळ्यात फास्ट गाडीनं, म्हणजे नोझोमीनं, रिझर्व्ह सीट 14,200. क्योतो-ओसाका साध्या लोकलनं 600 च्या आत, अर्ध्या तासाचं काम. ओसाका-हिरोशिमा एका बाजूनं 10,600, जाऊन-येऊन 21,200. ओसाका-टोकियो परतीचं 14,700. बेरीज करा, एका माणसाचे 50,700 च्या आसपास. पास 50,000. तुम्ही म्हणाल मग बरोबरीच तर झाली, घेऊन टाकू. थांबा, पास घेऊन नोझोमीत बसायचं तर प्रत्येक वेळी वरून पैसे भरावे लागतात, टोकियो-क्योतोला 4,960 येन. ते भरायचे नसले तर हिकारी गाडी धरायची, ती फक्त अर्धा तास उशिरा पोचवते, त्याचं काही नाही, पण नोझोमी गर्दीच्या वेळी तासाला 12 च्या आसपास सुटतात आणि हिकारी तासाला 2. शिवाय हे चारही प्रवास लागोपाठच्या 7 दिवसांत बसले पाहिजेत, आणि दिवस म्हणजे तारीख, 24 तास नाही. संध्याकाळी 7 ला पहिली गाडी धरली तरी तो पूर्ण दिवस मोजल्या जातो.

एक बाजू पासाचीही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी एकतर्फी लिहितेय. नारिता एअरपोर्टहून शहरात येणारी एक्स्प्रेस, 3 हजाराच्या वरचं तिकीट, ती पासात येते. टोकियोतली यामानोते लाइन पण येते. पण तुमचे 10 दिवस आहेत आणि पास 7 दिवसांचा, येतानाची आणि जातानाची अशा दोन्ही एअरपोर्ट फेऱ्या त्यात बसतच नाहीत. आणि टोकियो मेट्रो पासात नाही, क्योतोची सिटी बस नाही, हिरोशिमातली ट्राम नाही, फुजी पाहायला कावागुचिकोला जाते ती शेवटची लाइनही नाही कारण ती खाजगी कंपनीची. शहरात फिरायला इकोका किंवा सुइका कार्ड घ्यायचं, पैसे टाकायचे, गेटला टेकवायचं, संपलं.

आपल्या एसटीचा आवडेल तेथे प्रवास पास आहे न, 4 दिवसांचा आणि 7 दिवसांचा, अगदी तसंच समजा. तो घेऊन कोणी अमरावती-परतवाडा करत नाही, जो शेगाव, पंढरपूर, अक्कलकोट, कोल्हापूर असा लांबचा फेरा मारतो त्यालाच तो पुरतो.

आता खरी गोष्ट. मोठ्या पासाशिवाय तिकडं भागाभागाचे छोटे पास राहतात, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. त्यातला एक आहे कान्साई-हिरोशिमा एरिया पास, लागोपाठ 5 दिवसांचा, 17,000 येन. त्यात क्योतो, ओसाका, नारा, हिमेजी ह्या सगळ्या भागातल्या जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, गाड्या, ओसाका-हिरोशिमा शिंकान्सेन आणि ती सुद्धा नोझोमीनं वरून काही न भरता, शिवाय हिरोशिमाजवळ मियाजिमा बेटावर जाणारी जेआरची बोट. नुसतं हिरोशिमाचं जाऊन-येऊन तिकीट 21,200 आहे हे वर पाह्यलंच, म्हणजे हा पास एकाच दिवसात वसूल होतो आणि बाकीचे 4 दिवस फुकट. हा पास आणि दोन बाजूंची टोकियोची साधी तिकिटं धरली तर 45,900 होतात, म्हणजे मोठ्या पासापेक्षा स्वस्त आणि नोझोमी पण मिळाली.

पण त्याहून चांगलं, टोकियोला परत येताच कशाला? विमानाचं तिकीट मल्टी-सिटी काढा, जाताना टोकियोला उतरा आणि येताना ओसाकाच्या कान्साई एअरपोर्टवरून बसा. बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग अशा कोणत्याही रस्त्यानं मुंबईला येता येते, आणि बहुतेक वेळा तिकिटात फारसा फरक पडत नाही, एकदा दोन्ही टाकून पाहा. मग रेल्वेचा खर्च राहते फक्त टोकियो-क्योतो 14,200 आणि 17,000 चा छोटा पास, एकूण 31,200. मुलाचं 6 ते 11 वर्षांत अर्धं तिकीट, पासालाही अर्धेच पैसे, म्हणजे तुम्ही साडेतीन माणसं धरा. मोठ्या पासानं 1,75,000 येन, ह्या रस्त्यानं 1,09,200 येन. 65 हजार येनच्या वर फरक, रुपयांत आजच्या भावानं 35 हजाराच्या पुढे. एवढ्यात तुमचं चौघांचं दोन-तीन रात्रीचं हॉटेल निघते. आणि अर्धा दिवस जो टोकियोला परत जाण्यात गेला असता तो वाचला ते वेगळं. टोकियो 4, क्योतो 3, ओसाका 3 असे दिवस पाडले तर छोटा पास शेवटच्या 5 दिवसांवर बसवा, म्हणजे ओसाकाहून एअरपोर्टला जाणारी हारुका गाडी पण त्यातच येते.

पैशाचं झालं, आता आईंचं. माझं पासाविरुद्ध खरं म्हणणं इथं आहे. महागाचा पास हातात असला की माणूस तो वसूल करायच्या मागे लागते, आज बसलो नाही तर 7 हजार येन बुडाले असं डोक्यात राहते, आणि मग सकाळी 6 ला उठा, चला, गाडी चुकेल, असं सुरू होते. म्हाताऱ्या माणसाला हे झेपत नाही आणि ते बोलूनही दाखवत नाही. माझ्या आईचे गुडघे दुखतात. क्योतोला फुशिमी इनारीच्या देवळात त्या लाल कमानी आहेत न, तिथं ती थोडं चढून एका दगडावर बसली आणि म्हणाली तुम्ही या वर जाऊन, मी इथंच बसते. आम्ही पण बसलो. तिथं बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्या बाया पाहत होती, कोणाच्या पोराला हात हलवत होती, आणि चांगली दुपार गेली तरी कोणाला घाई नव्हती कारण त्या दिवसाचं काही वसूल करायचं नव्हतं. स्टेशन ते देऊळ सगळं 150 येनच्या लोकल तिकिटातलं. तुमच्या आई पण सोबत आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

भावाचंही एक सांगते, तुमचं कोणी नातेवाईक तिकडं राहत असेल तर कामी येईल. हा पास फक्त टूरिस्टला मिळतो, पासपोर्टवर टेम्पररी व्हिजिटर असा शिक्का लागतो, तिथं नोकरी करणाऱ्याला नाही. आम्ही पास घेतला असता आणि भाऊ साध्या तिकिटावर नोझोमीनं गेला असता तर एकत्र बसायचं सोडून दोन गाड्या धराव्या लागल्या असत्या. आम्ही सगळ्यांनीच तिकिटं काढली. मशीनवर इंग्रजी आहे, घाबरू नका. मशीनमधून बहुतेक दोन चिठ्ठ्या निघतात, एक प्रवासाच्या भाड्याची आणि एक फास्ट गाडीच्या जादा पैशाची, गेटवर दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच टाकायच्या, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पलीकडून बाहेर येतात, त्या उचलायच्या आणि उतरेपर्यंत सांभाळायच्या. बाबांनी आपल्या चष्म्याच्या डबीत ठेवल्या होत्या आणि दर थोड्या वेळानं डबी उघडून पाहत होते. गाडी मधल्या स्टेशनवर मिनिट-दोन मिनिटंच थांबते, पण प्लॅटफॉर्मवर डब्याचा नंबर लिहिलेला राहते, त्या खुणेवर रांगेत उभं राहायचं, दार बरोबर तिथंच येते, बडनेऱ्यासारखं सामान घेऊन पळावं लागत नाही. सीट काढताना टोकियोहून क्योतोकडे जाताना उजवी बाजू मागा, डी आणि ई, आकाश साफ असलं तर फुजी तिकडूनच दिसतो. समोरची सीट फिरवून चौघं समोरासमोर बसता येते, आणि आत खायला बंदी नाही, आमच्या आईच्या दशम्या आणि लसणाची चटणी तिथंच संपली.

मोठा पास कोणाला घ्या म्हणते? जो 7 दिवसांत खूप लांब जाणार त्याला. टोकियो ते हाकाता, म्हणजे फुकुओका, एका बाजूचंच 23 हजाराच्या आसपास आहे, उत्तरेला हाकोदातेकडे पण तेवढंच. एकटा तरुण पोरगा आठवडाभरात दोन्ही टोकं करणार असेल तर त्यानं डोळे झाकून घ्यावा. तसा घेतलाच तर तो छोट्या तिकिटाएवढा राहते आणि हरवला तर दुसरा देत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

मे महिना म्हणालात म्हणून तारखेचं पाहा. एप्रिलच्या शेवटापासून 5 मे च्या आसपास तिकडं गोल्डन वीक राहते, लागोपाठ सुट्ट्या, सगळा देश फिरायला निघतो, नोझोमीत त्या दिवसांत रिझर्व्हेशनशिवायचे डबेच नसतात आणि हॉटेलही महाग. 8-10 मे च्या पुढे जा, हवा पण चांगली राहते. आणि मोठ्या बॅगा कमी न्या, ज्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटीमीटरच्या वर जाते तिच्यासाठी शिंकान्सेनमध्ये मागच्या जागेवाली सीट आधी बुक करावी लागते, ती फुकट आहे पण न करता नेली तर 1,000 येन घेतात. घरी टेप लावून मोजून घ्या, चाकं आणि दांडी धरून मोजायचं. नाहीतर हॉटेलच्या काउंटरवर देऊन कुरिअरनं पुढच्या हॉटेलला पाठवता येते, दुसऱ्या दिवशी पोचते, आईंना घेऊन जाताना मला तेच बरं वाटते.

विमानाच्या तारखा पक्क्या झाल्या की खाली लिहा, छोटा पास कोणत्या दिवसापासून सुरू करायचा ते मांडून देते.